सरकीच्या तेलावर सव्वीस मिनिटं

“इंदू, काटा पडला!”

पुंजाजी काकांची ती हाक आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात जशीच्या तशी आहे. दुपारचे दोन वाजले होते. आमच्या नगर परिषदेचा अग्निशामक बंब जिनिंगच्या आवारात उभा होता. इंजिन जोरात चालू होतं, आणि त्याच्या जोरावर पंप विहिरीतलं पाणी ओढून पेटलेल्या कापसाच्या गोदामावर फेकत होता. काटा पडला म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब गेला. तेलावाचून इंजिन चाललं की लोखंडावर लोखंड घासतं, चार-पाच मिनिटांत बेअरिंगं वितळतात आणि इंजिन जाम होतं. मग पंप बंद, पाणी बंद.

मी धावत पुढे गेले आणि चाकाशेजारी आडवी होऊन खालून पाहिलं. ऑइल फिल्टरच्या डब्याच्या कडेतून तापलेलं काळं तेल पिचकारीसारखं उडत होतं.

तो फिल्टर आठ दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, मीच बसवला होता.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलेली, आमच्या नगर परिषदेच्या वर्कशॉपमधली पहिली बाई. अकोल्यापासून पस्तीस किलोमीटरवरचं आमचं तालुक्याचं गाव; बाईनं पान्हा हातात धरलेला गावानं पाहिला नव्हता. मला सहा महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं होतं आणि दिवाळीला त्याचा निकाल लागायचा होता. कायम करायचं की घरी पाठवायचं, एवढाच प्रश्न. गावंडे फोरमनचं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं. “बाईच्या हातचं इंजिन म्हणजे आज ना उद्या गळणार,” असं ते चहाच्या टपरीवर सर्वांदेखत म्हणायचे. मीही काही कमी नव्हते. “माझ्या हातचं इंजिन गळलं तर त्या दिवशी मी स्वतःहून घरी जाईन,” असं त्याच टपरीवर सांगून बसले होते. मिरवणं हा माझा स्वभाव. आजही आहे, लपवून काय करू?

“बंद करू काय?” काकांनी कॅबिनमधून विचारलं. त्यांचा हात इंजिन बंद करायच्या दांडीवर होता. बत्तीस वर्षं बंब चालवलेला माणूस, नियम त्यांना पाठ होता. काटा पडला की आधी इंजिन बंद, बाकीचं मग.

मी गोदामाकडे पाहिलं. आमचे फायरमन दिगांबर आणि रहीमभाई नळी घेऊन दोन शेडच्या मधल्या बोळात घुसले होते. एका बाजूला कापूस धडधडत होता, दुसऱ्या बाजूला सरकीची तेलगिरणी, आणि गिरणीच्या भिंतीला लागून दोनशे घरांची वस्ती. आग बोळ ओलांडू नये म्हणून ते दोघं तिथं पाण्याची भिंत धरून उभे होते. अकोल्याचा बंब निघाला होता, पण त्याला यायला अजून अर्धा तास होता.

“नका करू बंद,” मी म्हणाले.

“इंजिन जाईन ना वं!”

“जाऊ द्या. जितकं गळते तितकं वरून ओतू.”

“असं कुठी असते काय?”

“आजपासून असते काका! तुम्ही फक्त थोडं हळू चालवा.”

काकांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दांडीवरचा हात काढला. त्या एका क्षणाबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्यानं नियमावर बोट ठेवलं असतं आणि त्याला कुणी दोषही दिला नसता.

मी ओलं पोतं हाताला गुंडाळून डबा आवळला. हातभर चटका बसला. गळती निम्म्यानं कमी झाली, पण थांबेना. बंबात पाच लिटरचा एक कॅन होता, तो उघडून वरच्या तोंडातून ओतला. काटा जरा वर आला. काही मिनिटांतच कॅन संपला आणि काटा पुन्हा झोपला. फाटकाशी जिनिंगमधल्या कामकरी बाया घोळक्यानं उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून जिवाच्या आकांतानं ओरडले, “बायांनो, तेल आणा! गिरणीतलं सरकीचं तेल! डबेच्या डबे आणा!”

“काय तळायचं हाय वं पोरी?” त्यांच्यातली एक म्हातारी तशाही गोंधळात ओरडली.

“इंजिन!”

पुढं कुणी काही विचारलं नाही. बाया पदर खोचून गिरणीत शिरल्या. बघता बघता फाटकापासून बंबापर्यंत रांग लागली आणि पंधरा किलोचे डबे हातोहात यायला लागले. कुणीतरी विळ्यानं डब्याचं तोंड फाडायची, कुणी नरसाळं धरायची, आणि मी ओतायची. कच्चं, लालसर काळं तेल. खालून गळायचं, तापलेल्या नळीवर पडून धूर व्हायचा, आणि सगळ्या आवारात भज्यांचा वास सुटायचा. पलीकडे लाखमोलाचा कापूस जळतोय आणि इकडे भज्यांचा वास! हसावं की रडावं कळत नव्हतं. पण काटा एका जागी थरथरत उभा होता, आणि तिकडे बोळातलं पाणी थांबलं नव्हतं.

विसाव्या मिनिटाला इंजिनातून ठोके ऐकू यायला लागले. आधी बारीक, मग मोठे. काका स्टिअरिंगवर हात ठेवून मान हलवत होते. “रडून राह्यलं वं, इंदू. माहं इंजिन रडून राह्यलं.”

“रडू द्या. अजून थोडंसं.”

पाचवा डबा अर्धा झाला तेव्हा अकोल्याचा बंब फाटकातून आत आला. त्यांनी आपलं पाणी सुरू करेपर्यंत आम्ही तग धरला, आणि मग काकांनी दांडी ओढली. इंजिन अर्धा वेढा फिरलं, आत कट् असा आवाज झाला आणि ते जाम झालं. काकांनी घड्याळ पाहिलं. काटा पडल्यापासून सव्वीस मिनिटं झाली होती. आग बोळाच्या अलीकडेच राहिली. वस्तीतल्या एका घराचं पत्र्याचं टोकसुद्धा तापलं नाही.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी सावदेकर साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले. अकोल्याच्या पेपरात माझा आणि काकांचा फोटो आला. आईनं तो देव्हाऱ्याशेजारी लावला. गावंडे फोरमननी मला खुर्चीवर बसवून स्वतःच्या हातानं चहा दिला. “सोमवारी चौकशीचा कागद पूर्ण करू आणि त्याच दिवशी तुमच्या कायम नोकरीच्या कागदावर सही करू,” असं साहेब म्हणाले. मी हवेत होते. वस्तीतल्या बाया मला रस्त्यात थांबवून माझे भाजलेले हात बघायच्या.

चौकशीत शोधायचं असं काही उरलंच नव्हतं. फिल्टर खराब निघाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी आमच्या पाण्याच्या टँकरचा एक फिल्टर शिवणीवर फाटला होता, आणि बाजारात नकली डबे खऱ्या खोक्यात घालून विकतात ही बोंब सगळीकडे होती. गावंड्यांनी तर फिल्टर विकणाऱ्या खामगावच्या दुकानदाराचं नाव यादीतून काढायचं पत्रसुद्धा लिहून ठेवलं. मला फक्त डबा काढून पाहायचा होता आणि ‘फिल्टर सदोष’ एवढे दोन शब्द लिहून द्यायचे होते.

शनिवारी दुपारी मी तो डबा सोडवला. शिवण शाबूत होती. पत्रा शाबूत होता. तोंडावरची रबरी कडी एका जागी मात्र फाटली होती, आणि त्या फाटीत तेलानं काळा झालेला, चपटा दाबलेला एक दोरा होता. मी तो नखानं ओढून काढला, डिझेलमध्ये धुतला. काळेपणा गेला आणि लाल-पिवळा रंग दिसायला लागला.

तो पूजेचा नाडा होता.

आमच्या वर्कशॉपची रीतच तशी. खंडेनवमीला पान्हे, जॅक, गाड्या सगळ्यांची पूजा व्हायची आणि त्याच दिवशी बंबाला नवं तेल, नवा फिल्टर. पुंजाजी काकांचा नेम असा की बंबात जाणारी प्रत्येक नवी वस्तू आधी पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, तिच्या गळ्याला नाडा बांधायचा आणि मगच मेकॅनिकच्या हातात द्यायची. माझ्या आधीचे मेकॅनिक तो नाडा सोडून खिशात घालायचे. मी सोडला नाही. सगळे बघत होते, म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेचा मान राखावा असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर घाईही होती. डबा आट्यांवर फिरवून बसवला, बाहेर लोंबणारं टोक कात्रीनं कापलं. दुसरं टोक रबराखाली गेलं हे मला दिसलं नाही. इंजिन थंड होतं तोवर रबरानं ते निभावलं. तासभर जोरात चाललं, तेल तापून पातळ झालं, तेव्हा रबर त्या जागी फाटलं.

मी नाडा तळहातावर ठेवून काकांकडे गेले. ते बंबाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी तो उचलून बोटांत फिरवला.

“हा माह्या हातचा हाय,” ते म्हणाले. “म्या बांधला होता.”

“हो.”

“सायेबाले मी सांगतो. मार्चमधी मी रिटायर होऊन राह्यलो, माहं काय बिघडते? म्हाताऱ्यानं येडेपणा केला म्हनतीन. तू काही बोलू नको.”

“बांधला तुम्ही, पण आवळला मी. मेकॅनिक कोण हाय, तुम्ही का मी?”

“तुही नोकरी जाईन पोरी! सोमवारी सही हाय तुही. गावंडे तर टपूनच बसला हाय.”

“जाऊ द्या. माझ्या हातचं चांगलं काम माझं, तशी माझी चूकबी माझीच. ती मी दुसऱ्याले देत नाही.”

हे बोलताना माझी मान ताठ होती. घरी जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडले. कारण काकांनाही न सांगितलेली एक गोष्ट माझ्या पोटात होती, आणि ती मला रविवारभर आतून कुरतडत राहिली. गप्प बसले असते तर जगाच्या अंतापर्यंत कुणाला कळली नसती.

सोमवारी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. साहेब, गावंडे फोरमन, पुंजाजी काका आणि मी. टेबलावर तीन कागद होते, एक चौकशीचा, एक दुकानदाराविरुद्धचा आणि एक माझ्या नोकरीचा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“फिल्टर सदोष होता, असंच ना वाकोडे?”

“नाही साहेब. फिल्टर चांगला होता. मी चुकीचा बसवला.” मी नाडा टेबलावर ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं.

काका मधेच उठले. “नाडा माहा होता, सायेब.”

“नाडा काढणं मेकॅनिकचं काम होतं,” मी म्हणाले. “आणि अजून एक आहे साहेब. बसवल्यावर तिसऱ्या दिवशी बंबाखाली तेलाचे तीन थेंब मी पाहिले होते. तेव्हाच डबा सोडून बघितलं असतं तर काहीच झालं नसतं. पण माझ्या हातचं गळत नाही असं मी गावभर सांगितलं होतं. म्हणून इकडेतिकडे बघितलं, पायानं माती सारली आणि थेंब झाकले.”

साहेबांनी चौकशीचा कागद बाजूला सारला.

“पाहा साहेब!” गावंडे उसळलेच. “मी सहा महिने काय म्हणत होतो? आता ह्यांच्या भरवशावर बंब आगीत पाठवायचा?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि काकांकडे वळले. “पुंजाजी, गाडी तुम्ही चालवता. जीव तुमचा जातो. तुम्हीच सांगा, हिच्या हातची गाडी घेऊन तुम्ही जाल?”

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “सायेब, बत्तीस वर्षांत मी सात मेकॅनिक पाह्यले. सातही जणांची इंजिनं बसली. कुणाचं फिल्टर खराब निघालं, कुणाचं तेल खराब, कुणाची ड्रायव्हरनंच गाडी मारली. माहं इंजिन माह्यानं गेलं, असं म्हननारी ही आज पहिली भेटली. मी हिच्या हातची गाडी घेऊन कुठीबी जाईन. ज्यायची कधी चूकच झाली नाही त्यायच्या गाडीत बसायले मले भेव वाटते.”

हे शेवटचं वाक्य म्हणताना ते गावंड्यांकडे बघत नव्हते, पण गावंडे मात्र खिडकीबाहेर बघायला लागले.

साहेबांनी दुकानदाराविरुद्धचं पत्र उचललं, मधोमध फाडलं आणि टोपलीत टाकलं. माझ्या नोकरीचा कागद मात्र तसाच घडी करून खणात ठेवला. “इंजिन तुम्ही घालवलं,” ते मला म्हणाले, “तुम्हीच उभं करा. एकटीनं. उभं राहिलं तर बघू, नाही तर दिवाळीला घरी.”

मला रात्री धरून सात दिवस लागले. इंजिन खाली उतरवलं, तेल साचायचं तळाचं भांडं उघडलं तर आत सरकीच्या तेलाचा काळा चिकट राप; आठवडाभर माझ्या अंगाला खानावळीचा वास येत होता आणि आई मला दारातच थांबवायची. वितळलेली बेअरिंगं पटाशीनं खरवडून काढली. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासून आणायला मी स्वतः अकोल्याला गेले आणि लेथशेजारी दिवसभर उभी राहिले. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला, तिसऱ्यांदा तपासला. गावंडे दोन-तीनदा येऊन बघून गेले, बोलले नाहीत. एकदा मात्र माझा पान्हा खाली पडला तो त्यांनी उचलून दिला, तेही सांगायला हवं.

धनत्रयोदशीच्या सकाळी तळ्याच्या काठावर बंबाची परीक्षा झाली. काकांनी किल्ली फिरवली आणि दुसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. पंप लावला, तासभर पूर्ण जोरात चालवायचं असं ठरलं. पाण्याचा फवारा तळ्यावर उंच गेला तशी निम्मी वस्ती काठावर जमली. मी काट्याकडे बघत उभी होते.

तास संपला. साहेब पुढे आले, आणि कुणी काही म्हणायच्या आत आपल्या पांढऱ्या पँटीनिशी गुडघे टेकून बंबाखाली वाकले. गावंड्यांनी सतरंजी आणायला माणूस पिटाळला, पण तो येईपर्यंत साहेब मातीत हात टेकून खालून सगळं बघत होते. फिल्टरच्या कडेवरून बोट फिरवलं, ते उजेडात धरलं. बोट कोरडं होतं. उठले तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे गोल उमटले होते.

“आज गळत नाही,” साहेब म्हणाले. “उद्या गळलं तर?”

सगळे माझ्याकडे बघत होते. गळणार नाही, हे शब्द जिभेवर आले होते. सहा महिन्यांपूर्वीची इंदू वाकोडे तेच म्हणाली असती, आणि वर टाळीही मागितली असती.

“उद्या गळलं तर सगळ्यात आधी तुम्हाला मीच सांगेन, साहेब.”

साहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, बंबाच्या बॉनेटवर पसरला आणि सही केली. त्या सहीवर मी एकतीस वर्षं नोकरी केली, फोरमन होऊन बाहेर पडले. त्या एकतीस वर्षांत माझ्या हातची इंजिनं चारदा गळली, आणि चारही वेळा ही बातमी त्या त्या वेळच्या साहेबांच्या कानावर घालणारी मीच होते. ह्याचा मला जितका अभिमान आहे तितका त्या सव्वीस मिनिटांचाही नाही.

त्या दिवशी मात्र इतकं काही सुचलं नव्हतं. मी नुसता हात पुढे केला. बॉनेट तासभर तापलेलं होतं, त्यामुळं कागद हातात आला तो तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता.